कॅपवर बसणारी कवळी : टिकते म्हणजे नक्की काय?

वाचकहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. दातांवर लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली ती माझ्या मामांमुळे.

मामा १९७२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सांगलीहून जर्मनीत आले आणि एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यात टूलमेकर म्हणून निवृत्त होईपर्यंत राहिले. आपल्या गणेशोत्सवातले मखर दरवर्षी त्यांच्याच हातचे असते, त्यामुळे बरेच जण त्यांना ओळखतात. म्हणून हे सारे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. "लिही, लिही. माझ्या दातांचा कुणाला तरी उपयोग होऊ दे," असे ते म्हणाले.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. "अरे, माझा खालचा सुळा हलायला लागलाय. डॉक्टरीणबाईंनी तीन पर्याय लिहून दिलेत. सोळा वर्षांपूर्वी एवढे पैसे घालून ही कवळी केली, तेव्हा वाटलं जन्माचं काम झालं. आता तूच सांग, हे काम टिकलं म्हणायचं की फसलं?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देता येईना. म्हणून मामांची दातांची फाईल मागवली, त्यांच्याबरोबर दोनदा दवाखान्यात गेलो आणि या विषयावर झालेले अभ्यास वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील, सासू-सासरे आणि खरे सांगायचे तर आपण स्वतःही कधी ना कधी या वळणावर येणारच आहोत.

ही कवळी असते तरी कशी?

काही दात गेले आणि काही शिल्लक असले, की काढता-घालता येणारी अर्धी कवळी करतात. ही कवळी तोंडात जागेवर राहावी म्हणून तिला उरलेल्या दातांचा आधार द्यावा लागतो. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे तारेचे हुक. हुक दाताला बाहेरून मिठी मारतो. हे काम स्वस्त असते आणि दात फारसा घासावा लागत नाही. पण हसताना हुक दिसू शकतो, त्याच्याभोवती अन्न अडकते आणि कवळी काढता-घालताना दाताला थोडा आडवा ताण बसतो.

दुसरी पद्धत दोन कॅपांची. आधाराचा दात सगळ्या बाजूंनी घासून त्यावर एक पातळ, गुळगुळीत धातूची कॅप सिमेंटने कायमची बसवतात. ही आतली कॅप. तिच्यावर नेमकी बसेल अशी दुसरी कॅप करतात आणि ती कवळीला जोडलेली असते. ही बाहेरची कॅप. तिच्यावर दाताच्या रंगाचा थर असतो. कवळी घातली की बाहेरची कॅप आतल्या कॅपवर सरकते आणि घट्ट बसते. हुक नाही, तार नाही, बघणाऱ्याला काही कळतही नाही. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकतात तशी ही रचना, म्हणून हिला टेलिस्कोप म्हणतात.

हे घट्ट बसणे दोन प्रकारचे असू शकते आणि दोन्ही प्रकार आपल्या स्वयंपाकघरात आहेत. स्टीलच्या उभ्या डब्यावर झाकण दाबून बसवतो, तेव्हा ते बाजूंच्या घर्षणाने धरून राहते. समांतर भिंतींचा टेलिस्कोप तसा. आणि स्टीलचे पेले एकात एक ठेवले की निमुळत्या आकारामुळे शेवटी रुतून बसतात. कोनाच्या आकाराची कॅप तशी. मामांना हे समजावायला गेलो तर तेच हसून म्हणाले, "हा तर मोर्स टेपर! लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल याच तत्त्वावर बसतं. आयुष्यभर तेच केलं मी."

कल्पना जुनी आहे. स्टार नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८८६ साली अशा काढता येणाऱ्या कॅपांचे वर्णन केले होते. पण ती रुजली आणि वाढली जर्मनीत. कोनाकृती कॅपची पद्धत कील येथील कोर्बर यांनी १९६० च्या दशकात नावारूपाला आणली. आजही अशी कवळी जर्मनीत नेहमीची आहे, तर इतर अनेक देशांत हुकांचीच जास्त चालते. म्हणून भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाईकांना हे सांगितले तर "असलं काही ऐकलं नाही बुवा" असे उत्तर मिळाल्यास नवल वाटू नये.

या पद्धतीचे दोन मोठे फायदे. एक, चावण्याचा भार दाताच्या मुळाच्या दिशेने सरळ खाली जातो. दोन, कवळी काढली की आधाराचा प्रत्येक दात चारी बाजूंनी ब्रशने घासता येतो. मोठा तोटाही ऐकून ठेवा. दोन कॅपांना जागा करायची म्हणजे दात बराच घासावा लागतो. त्यात कधीकधी दाताची नस दुखावते आणि पुढे रूट कॅनल करण्याची पाळी येते. घासलेला दात परत येत नाही. हा एकतर्फी रस्ता आहे.

मामांच्या सोळा वर्षांचा हिशेब

२००८ साली मामा एकोणसाठ वर्षांचे होते. खालच्या जबड्यात दोन्हीकडच्या दाढा गेल्या होत्या. पुढचे चार दातही हिरड्यांच्या आजारात खिळखिळे झाल्याने काढावे लागले. आधाराला उरले चार : दोन्ही सुळे आणि प्रत्येक सुळ्यामागची एकेक उपदाढ. चारही दातांवर टेलिस्कोप बसवले. डावी उपदाढ आधीच रूट कॅनल केलेली होती. हे लक्षात ठेवा, गोष्टीत तिचे काम पुढे आहे.

पहिली पाच वर्षे काही झाले नाही. २०१३ मध्ये उजव्या सुळ्यावरची आतली कॅप सिमेंट सुटून कवळीबरोबरच बाहेर आली. आमचे मामा टूलमेकर! त्यांनी ती घरीच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दातावर बसवली. कॅप केसभर तिरकी बसली आणि कवळी काही केल्या खाली जाईना. डॉक्टरीणबाईंना तो गोंद खरवडायला अर्धा तास लागला आणि मामांना चांगलेच खडे बोल ऐकावे लागले. सिमेंटने कॅप परत बसवली, ती आजतागायत आहे.

२०१६ मध्ये कवळी मागच्या बाजूने हलू लागली. दाढा गेल्यावर तिथले जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते आणि कवळी व हिरडी यांच्यात पोकळी तयार होते. कवळीला आतून नवा थर देऊन ती भरून काढली.

२०१९ मध्ये ती रूट कॅनल केलेली डावी उपदाढ हिरडीच्या पातळीवर कडकन मोडली. मूळ काढावे लागले. मामांना वाटले, आता कवळी गेली. पण प्रयोगशाळेने बाहेरची कॅप आतून भरून घेतली. जिथे आधाराचा दात होता, तिथे आता कवळीचाच एक दात झाला. सकाळी दिलेली कवळी दुसऱ्या दिवशी परत मिळाली.

आणि २०२४ मध्ये डावा सुळा हलू लागला. त्याच्या शेजारची उपदाढ गेल्यापासून पाच वर्षे डाव्या बाजूचा सगळा भार तो एकटाच उचलत होता. त्यात हिरड्यांचा जुना आजार. आश्चर्य वाटायला नको.

अभ्यास काय सांगतात?

गीसेन विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी २००७ मध्ये अशा ५५४ कवळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांनंतर कवळी वापरात असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के आणि आधाराचा एखादा दात शिल्लक असण्याची शक्यताही सुमारे ९५ टक्के आढळली. वाचून मामा खूश झाले. पण आकड्यांशी रोजचा संबंध असल्याने मला दोन गोष्टी खटकल्या, त्या सांगतो.

पहिली अशी. ९५ टक्के हा एका दाताचा आकडा आहे. आधाराचे दात चार असतील, तर चारही पाच वर्षे टिकण्याची शक्यता किती? ०.९५ चारदा गुणा. उत्तर येते साधारण ८१ टक्के. म्हणजे पाचांपैकी एका माणसाचा निदान एक दात पाच वर्षांत जाऊ शकतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण एकाच तोंडातल्या दातांचे नशीब एकमेकांपासून स्वतंत्र नसते. पण अंदाज यायला पुरेसा आहे. एक दात जाणे हा अपघात नव्हे. ते या कवळीच्या आयुष्यात धरून चालायचे आहे.

दुसरी अशी. "टिकली" या शब्दाचा अर्थ बघावा लागतो. बहुतेक अभ्यासांत कवळी तोंडात वापरात असली की ती टिकली, मग तिची मधे चार वेळा दुरुस्ती झाली असली तरी चालेल. मामांची कवळी या हिशेबाने सोळा वर्षे शंभर टक्के टिकली! "एकदाही दुरुस्ती लागली नाही" अशी कसोटी लावली, तर ती पाचव्या वर्षीच नापास झाली. आमच्या धंद्यातही असेच असते. सर्व्हर चालू आहे याचा अर्थ त्याला कुणी रात्री उठून हात लावला नाही असा होत नाही.

सहा ते दहा वर्षांच्या अभ्यासांकडे गेले, की निष्कर्ष फारच पसरतात. काहींत दोन-तृतीयांश कवळ्या शिल्लक, काहींत जवळजवळ सगळ्या. रुग्ण वेगळे, उरलेल्या दातांची संख्या वेगळी, तपासणीला येण्याची शिस्त वेगळी. म्हणून "ही कवळी अमुक वर्षे टिकते" असे ठोक उत्तर कुणी दिले तर सावध व्हावे. आपल्या तोंडातली परिस्थिती कोणती, हे आधी विचारावे.

नेहमी येणाऱ्या तक्रारी मात्र बहुतेक ठिकाणी सारख्याच आहेत : आतल्या कॅपचे सिमेंट सुटणे, बाहेरच्या कॅपवरचा रंगीत थर उडणे आणि हिरडीकडची बाजू पुन्हा भरून घ्यावी लागणे. यांतली कोणतीही गोष्ट दुरुस्त होते.

कोणते दात आधी दगा देतात?

डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारले की धोका आधी ओळखता येतो का. त्यांनी चार मुद्दे सांगितले आणि अभ्यासांतही तेच मुद्दे पुन्हा पुन्हा भेटतात.

१. रूट कॅनल केलेला दात. तो पोखरलेला असतो, शिवाय कॅपसाठी आणखी घासलेला. जिवंत दातापेक्षा तो मोडण्याची शक्यता जास्त. मामांची डावी उपदाढ याच वाटेने गेली.

२. आधाराच्या दातांची संख्या. दोन किंवा एकच दात उरला असेल तर त्यावर भार फार येतो.

३. दातांची जागा. चार पायांचे टेबल डगमगत नाही. पण सगळे आधार एकाच बाजूला असतील तर कवळी त्या रेषेभोवती झुलते आणि दात उपटायचा खिळा हलवावा तसे दात हलवत राहते.

४. हिरड्यांचे आरोग्य आणि नियमित तपासणी. हा एकच मुद्दा आपल्या हातात आहे.

माझ्या मते या कवळीचा खरा गुण तिच्या आयुष्याच्या लांबीत नाही, तर ती कशी मोडते यात आहे. पक्क्या बसवलेल्या ब्रिजचा एक खांब गेला की बहुतेक वेळा सगळा ब्रिज तोडून काढावा लागतो. इथे एक आधार गेला तर तो कवळीत भरून टाकता येतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला बसतो. चांगली यंत्रणा आम्ही तिलाच म्हणतो, जिचा एक भाग बिघडला तरी बाकीचे काम बंद पडत नाही. पण आधार किती उरलेत याची मोजणी चालू ठेवावी लागते. तिसरा भाग बिघडेपर्यंत झोपून राहिलो, तर तो दोष यंत्रणेचा नाही.

पैशाची बाजू

आता सदराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. इथे बहुतेकांची एक गैरसमजूत असते. माझीही होती.

सरकारी क्रांकेनकासे २००५ पासून दातांच्या कामाला ठरावीक रक्कम देते. तिला फेस्टत्सुशुस म्हणतात. ती रक्कम तुमच्या तोंडातल्या परिस्थितीवर ठरते, तुम्ही निवडलेल्या उपचारावर नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ती नियमित उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के आहे. बोनुसहेफ्टमध्ये सलग पाच वर्षांच्या तपासण्यांची नोंद असेल तर ७० टक्के, दहा वर्षांची असेल तर ७५ टक्के.

गैरसमज इथेच होतो. हे ७५ टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत. ते अशा परिस्थितीत साधा, नियमित उपचार केला असता तर जो खर्च आला असता, त्याचे आहेत. समजा, बिल ५००० युरोचे आहे आणि नियमित उपचाराचा खर्च २००० युरो धरला आहे. ७५ टक्क्यांनी मिळतील १५०० युरो. उरलेले ३५०० तुमचे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) सुळ्यांवरचे टेलिस्कोप काही परिस्थितींत नियमित उपचारातच धरले जातात, तर त्याहून जास्त दातांवर केलेले किंवा महागड्या धातूचे काम वरखर्चात जाते. इम्प्लान्टचा स्क्रू कासे देत नाही, पण त्यावर बसणाऱ्या कवळीला ठरलेली रक्कम मिळते.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

डॉक्टरांकडून हाइल-उंट-कोस्टेनप्लान, म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा घ्या. त्यात नियमित उपचाराचा खर्च आणि वरखर्च वेगवेगळा समजावून मागा. संकोच करू नका. कासेची मंजुरी मिळेपर्यंत काम सुरू करू नका. मंजुरी सहा महिने चालते.

रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. त्याची सोय कशी होईल हे कासेलाच विचारता येते.

उत्पन्न कमी असेल, म्हणजे विद्यार्थी, तुटपुंजे पेन्शन असणारे किंवा सरकारी मदतीवर असणारे यांनी हेर्टेफालसाठी अर्ज करावा. मंजूर झाल्यास नियमित उपचार जवळजवळ फुकट होतो. आपल्यातले कित्येक जण भिडेपोटी विचारत नाहीत. हा हक्क आहे, भीक नव्हे.

कासेच्या डॉक्टरांनी बसवलेल्या कॅप-कवळीवर दोन वर्षांची हमी असते. बिले जपून ठेवा.

स्वतःच्या खिशातून गेलेला खर्च आयकराच्या विवरणात असाधारण खर्च म्हणून दाखवता येतो. पण उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापलीकडची रक्कमच धरतात. म्हणून चष्मा, दात, औषधे असे मोठे खर्च शक्य असेल तर एकाच वर्षात आणावेत.

आणि खाजगी पूरक विमा? तो दात चांगले असतानाच घ्यायचा असतो. डॉक्टरांनी "हे काम करावे लागेल" असे एकदा फाईलमध्ये लिहिले, की त्यानंतर घेतलेला विमा ते काम सहसा देत नाही. शिवाय पहिल्या काही वर्षांत मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा असते. घराला आग लागल्यावर विमा एजंटाला फोन करून उपयोग नाही, हे आपल्याला कळते. दातांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

"पुण्याला जाऊन करून घेऊ का?"

हा प्रश्न मला निदान चार जणांनी विचारला आहे. आपल्याकडे उत्तम दंतवैद्य आहेत आणि खर्च बराच कमी येतो, यात शंका नाही. फिलिंग किंवा साधी कॅप असेल तर जरूर विचार करावा. टेलिस्कोपचे गणित मात्र वेगळे आहे. दात घासणे, मापे घेणे, आतल्या कॅपा बसवून बघणे, सांगाडा बसवून बघणे, मग दात लावून बघणे आणि शेवटी सिमेंट, अशा अनेक फेऱ्या लागतात. नंतर दुखरी जागा निघाली तर आणखी फेऱ्या. तीन आठवड्यांच्या सुट्टीत, त्यातच एक लग्न आणि एक मुंज, हे बसत नाही. शिवाय युरोपीय संघाबाहेर केलेल्या कामाला कासेची रक्कम सर्वसाधारणपणे मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, वर पाहिले तसे हे काम बसवले त्या दिवशी संपत नाही. पुढची पंधरा वर्षे त्याला हात लावणारा माणूस जवळ लागतो. म्हणून नियम साधा ठेवावा. जिथे म्हातारपण काढायचे, तिथेच हे काम करावे. हाच न्याय उलटाही लागू. कायमचे भारतात परतायचे ठरले असेल, तर इथून टेलिस्कोप करून घेऊन जाण्याआधी तिथल्या दंतवैद्याला विचारा की याची दुरुस्ती तुम्ही आणि तुमची प्रयोगशाळा करता का. माझे वडील सांगलीत असतात. त्यांनी मामांचे बघून "मलाही तसलीच कर" म्हटले, तेव्हा आम्ही आधी तिथेच चौकशी केली आणि शेवटी चांगल्या हुकांची कवळी केली. ते समाधानी आहेत.

रोजची काळजी

ही यादी मामांच्या फ्रिजवर लावलेली आहे. जशीच्या तशी देतो.

दिवसातून दोनदा कवळी काढावी आणि मऊ ब्रश व साध्या सौम्य साबणाने धुवावी. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तर फुटत नाही.

तोंडातल्या आतल्या कॅपा नीट घासाव्यात, विशेषतः कॅप संपते आणि हिरडी सुरू होते त्या कडेला. दात किडतो तो तिथूनच. फ्लोराइडचे जेल लावायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

आतली कॅप सुटली तर ती डबीत ठेवून दोन दिवसांत दवाखाना गाठावा. गोंद नाही म्हणजे नाही! (हे वाक्य मामींनी लाल शाईने लिहिले आहे.)

कवळी सैल किंवा घट्ट वाटली तर वाकवू नये, घासू नये.

जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये. मेजवानी आटोपल्यावर तो रुमाल कचऱ्यात जातो आणि कवळीही.

वर्षातून निदान दोनदा तपासणी. काही दुखत नसले तरी. कवळी झुलते आहे का हे आपल्याला कळत नाही, डॉक्टरांना कळते.

मामांनी काय ठरवले?

तीन पर्याय होते. एक, हलणारा सुळा काढून कवळीत भरून घ्यायचा. खर्च थोडा, पण उरलेले दोन्ही आधार उजव्या बाजूलाच राहणार, म्हणजे झुला तयार. दोन, सुळा काढून त्या जागी एक इम्प्लान्ट घालायचे आणि जुनीच कवळी त्यावर बसवून घ्यायची. तीन, सगळे नवे करायचे.

मी चौथा प्रश्न विचारला. सुळा काढायची घाई आहे का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नाही, आधी हिरड्यांचे उपचार करून पाहता येतील. जुलै २०२१ पासून सरकारी विम्यात हिरड्यांच्या आजाराचा उपचार आणि त्यानंतर दोन वर्षांची देखभाल मिळते. हे मामांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. उपचार झाले, मागची बाजू पुन्हा भरून कवळीचे झुलणे कमी केले, आणि तीन महिन्यांनी सुळा पूर्वीपेक्षा कमी हलू लागला. तो कायमचा वाचला असे कुणीच म्हणत नाही. गेलाच तर दुसरा पर्याय ठरलेला आहे आणि त्याचे पैसे मामांनी बाजूला काढून ठेवले आहेत.

मग टिकले की फसले? मामांना मी हे उत्तर दिले. २००८ मध्ये तुम्ही कवळी विकत घेतली असे समजलात, पण खरे तर तुम्ही सोळा वर्षे मुदत ढकलत आणलीत. चारांपैकी तीन दात अजून तोंडात आहेत. पूर्ण कवळीचा दिवस अजून आलेला नाही. हे यशच आहे. चूक झाली असेल तर ती एवढीच की २०१९ मध्ये पहिला आधार गेला, तेव्हा उरलेल्या तिघांवर भार कसा वाटला जाईल हे कुणी थांबून पाहिले नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मशीनला दर सहा महिन्यांनी ग्रीस द्यायचो रे मी, न चुकता. तोंडाला दिलं नाही."

परवा मी माझे बोनुसहेफ्ट शोधून काढले. जर्मनीत येऊन आठ वर्षे झाली. त्यात दोन शिक्के आहेत. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. वाचकहो, आपलेही एकदा काढून बघा. आणि मोठे काम करण्यापूर्वी आपल्या दातांच्या डॉक्टरांशी सविस्तर बोला. त्यांचाच सल्ला शेवटचा, माझा नव्हे.